पालापाचोळ्यातल्या भुंगेऱ्याचं बारसं : व्यक्ती, आकृती आणि जाती

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस किड्यांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. शंका रास्त आहे. पण 'अमुक डोंगरात नवी प्रजाती सापडली' अशी बातमी वाचली, की माझा जुना धंदा जागा होतो. कारण डोंगरात सापडतो तो एक किडा. जाती अशी कुणाला पाचोळ्यात पडलेली सापडत नाही. हातातल्या एका किड्यापासून 'जाती'पर्यंत माणूस कसा पोचतो, एवढंच आज बघायचं आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. शाळेच्या पुस्तकात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. म्हणजे वर्तमानपत्रं जिला प्रजाती म्हणतात ती शाळेत जाती आहे. मी शाळेच्या बाजूने.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ, कल्पनेतलं. येडशीच्या रामलिंग घाटातलं रान पानझडीचं. उन्हाळ्याआधी पानं गळतात, आणि पावसाळ्यात त्या थराखाली ओल धरते, बुरशी येते. तिथं मूठभर पाचोळा उचलला तर त्यात दोन-चार मिलिमीटरचे, लांबुडके, सुळकन पळणारे भुंगेरे असतात. इंग्रजीत त्यांना रोव्ह बीटल म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. इतर भुंगेऱ्यांची पाठ कडक पंखांनी पूर्ण झाकलेली असते, तर यांचे वरचे पंख आखूड जाकिटासारखे, आणि पोट मागे उघडं. पण खालचे उडायचे पातळ पंख चांगले लांब असतात, ते त्या जाकिटाखाली घड्या घालून बसवलेले असतात. डिवचलं तर काही जण विंचवासारखं पोट वर उचलतात. या कुलात आजवर साठ हजारांहून जास्त जातींना नावं मिळालेली आहेत. प्राण्यांमध्ये एवढं मोठं कुल दुसरं नाही.

आता ते पकडायचे कसे? अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी पहिली. मग पाचोळा जाड चाळणीतून चाळायचा, आणि चाळ नरसाळ्यात ठेवून वर दिवा लावायचा. वरून चाळ सुकत जाते, ओलाव्याच्या शोधात जीव खाली सरकतात आणि खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. बेर्लेसे नावाच्या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली ही युक्ती आजही चालते.

बाटलीत पडलेला एक भुंगेरा ओळखीचा वाटत नाही, समजा. तो नवा आहे हे कशावरून? इथून कष्टाचं काम सुरू होतं. बाहेरून दोन जाती इतक्या सारख्या दिसतात, की नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार बघावा लागतो. पुष्कळदा निकाल तिथंच लागतो. मग जुनं सगळं साहित्य. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर माल्कम कॅमेरून यांनी भारतातल्या या कुलावर १९३० ते १९३९ या काळात जाडजूड खंड लिहिले. नुसतं वाचून भागत नाही, कारण वर्णनं त्रोटक आणि चित्रं थोडी. मूळ नमुने बघावे लागतात, आणि कॅमेरून यांचा संग्रह आहे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. येडशीचा किडा नवा की जुना, याचा निवाडा लंडनच्या कपाटात!

आता माझ्या विषयाकडे येतो. शब्दाचा अर्थ काय असतो, हा वाद गौतमाच्या न्यायसूत्रांत आहे. 'गाय' म्हटलं की ही समोरची गाय, म्हणजे व्यक्ती? गायीची ठेवण, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असलेली जाती? न्यायसूत्रांचं उत्तर असं, की तिन्ही. प्रसंगाप्रमाणे एक पुढे येतं, बाकीची मागे राहतात. नवी जाती वर्णन करताना ही तिन्ही लागतात. संशोधक डोक्याची रुंदी, ठिपक्यांची दाटी, केसांची दिशा लिहितो, ती आकृती. हे सगळे एकाच जातीचे आहेत असं तो म्हणतो, तो तर्क. आणि एकच नमुना निवडून त्याला लेबल लावतो. तो होलोटाइप, ती व्यक्ती.

गंमत अशी, की नाव आकृतीला बांधलेलं नसतं, व्यक्तीला बांधलेलं असतं. होलोटाइप म्हणजे जातीचा आदर्श नमुना, हा गैरसमज आहे. तो लंगडा असेल, त्याची एक मिशी तुटलेली असेल, तरी चालतं. उद्या कळलं की वर्णन चुकलं होतं, किंवा ज्याला एक जाती समजलो त्या दोन होत्या, तर नाव होलोटाइपबरोबर जातं आणि उरलेल्यांना नवं नाव शोधतात. वर्णन दुरुस्त होतं, तर्क मोडतो, पण टाचणीवरचा तो जीव तिथंच असतो. म्हणून आपल्या २००२च्या जैवविविधता कायद्यानेही सांगितलं आहे, की नव्या जातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संग्रहालयात जमा करायचा.

आणि नाव बदलतही नाही. आपला जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला. पण समजा, पूर्वी एखाद्या किड्याला 'उस्मानाबादेन्सिस' नाव दिलं गेलं असतं, तर ते तसंच राहिलं असतं. स्लोव्हेनियाच्या गुहांत एक आंधळा भुंगेरा आहे, त्याला १९३७ साली हिटलरचं नाव दिलं. सगळ्यांना लाज वाटते, तरी ते कायम आहे. उलट आपल्याकडे २०२१ साली ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, 'आयसियस तुकारामी'. तेही तसंच राहील.

हे सगळं सावकाश का होईना, झालंच पाहिजे असं मला वाटतं, त्याचं कारण एक जुनी गोष्ट आहे. डार्विनने १८३२ साली अर्जेंटिनात बाहिया ब्लांका इथं एक रोव्ह बीटल पकडला. तो लंडनच्या संग्रहात पोचला आणि तिथंच हरवल्यासारखा पडून राहिला. स्टायलियानोस खात्झिमानोलिस या संशोधकाने तो ओळखला आणि २०१४ साली, डार्विनच्या जन्मदिवशी, १२ फेब्रुवारीला, त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं: 'डार्विनिलस सेडारिसी'. मधे १८२ वर्षं गेली. तेवढ्यात त्या भागातलं रान बरंचसं शेतीखाली गेलं होतं. बारसं झालं खरं, पण बाळ कुठं आहे?

आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगराचं गवत पेटतं तेव्हा पाचोळ्याचा थरही जळतो. झाड जळालं तर दिसतं, मोजता येतं. तीन मिलिमीटरचं, नाव नसलेलं काही गेलं, तर गेलं म्हणायलाही शब्द नसतो.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'पावसाळ्यात दिव्यावर येऊन अंगावर फोड आणतो तो हाच का?' याच कुलातला, पण वेगळा. त्याचं नाव पेडेरस, नारिंगी आणि काळपट-निळे पट्टे असतात. तो चावत नाही. अंगावर चिरडला, की आतलं विष कातडी भाजतं. तेव्हा मारू नका, फुंकर घालून किंवा कागदावर घेऊन बाजूला करा आणि ती जागा साबणाने धुवा. पाचोळ्यातले त्याचे बहुतेक भाऊबंद माणसाला काही करत नाहीत.