आईचं नाव सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात आहे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगाव सत्कार सुरू होतात. कुणाचा पोरगा पोलीस भरतीत लागतो, कुणाची पोरगी नर्स होते. शाल, श्रीफळ, चौकात फलक. सत्काराला उत्तर देताना जो तो सांगतो, "आईनं लोकांच्या बांधाला राबून मला शिकवलं." सांगताना गळा दाटून येतो, आणि त्यात खोटं काही नसतं. आता त्याच घराचा सातबारा काढून बघा. त्यावर वारलेले आजोबा सापडतील, चुलते सापडतील. आई सापडेलच असं नाही.

माझंही शिक्षण आईच्याच जिवावर झालं. वडील लवकर गेले, रान दीड एकर, तेही कोरडवाहू. कांदा लागणीच्या दिवसांत आई टोळीबरोबर जायची, एरवी खुरपणी. पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायची आणि दर दहा दिवसांचा दुधाचा पगार माझ्या खाणावळीला धाडायची. कृषी पदविकेला प्रवेश मिळाला त्या वर्षी तिनं कानातली फुलं मोडली. माझ्या फीच्या पावत्या आणि बियाण्याची बिलं ती एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवी. वाचता येत नव्हतं, पण कागदाच्या रंगावरून कोणता कशाचा ते बरोबर ओळखायची.

रान ती कसत होती, पण सोसायटीचं पीककर्ज तिच्या नावावर कधी निघालं नाही. कारण उताऱ्यावर कब्जेदार म्हणून चुलत्यांचं नाव होतं, ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आईचं नाव होतं ते 'इतर हक्क' या रकान्यात. जुन्या उताऱ्यांवर विधवा आणि बहिणी अशाच एका बाजूला बसवलेल्या दिसतात. आम्हा भावंडांना नोंद दुरुस्त करून घ्यायला वर्षभर तहसीलला हेलपाटे पडले. नवा उतारा घरी आणला तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव कुठं लिवलंय, तितं बोट ठिव." मग बराच वेळ तिनं तो कागद हातातून सोडला नाही.

तेव्हा नुसतं 'नाव आहे' यावर समाधान मानू नका, रकाना बघा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. त्यानुसार खातेदार मृत्युपत्र न करता वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. म्हणजे आईचा वाटा ही मुलांची मेहेरबानी नव्हे.

वडील वारले असतील तर तीन महिन्यांच्या आत तलाठी भाऊसाहेबांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसाची खबर द्यावी. मृत्यूचा दाखला जोडावा आणि अर्जात सर्व वारसांची नावे लिहावीत, सर्व म्हणजे बहिणींचीही. फेरफार धरला की नोटीस निघते आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठीच. तुमच्या घरची नोंद तीत झाली असेल तर उतारा काढून तपासा. राहिली असेल तर अर्ज द्या.

वडील हयात असतील तरी मार्ग आहे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि कित्येक शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. शासनानेही १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजना आणली. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत आहे. वडिलांपुढे ती काढायला शिकलेल्या पोराइतका योग्य माणूस दुसरा नाही.

एक प्रकार मात्र फिरतीवर पाहायला मिळतो, आणि तो पाहून वाईट वाटतं. वारस नोंद होताच पोरं आईला मोटारसायकलवर बसवून दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतात. "कागद साधाच आहे गं," असं सांगून. तो साधा नसतो. नोंदणी झाली की तिचा हिस्सा गेला. उद्या ठिबकचं अनुदान असो की पीककर्ज, तिच्या नावावर काही निघत नाही, आणि सुनेशी बिनसलं तर हक्कानं बसायला स्वतःची ओंजळभर माती राहत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं असं शासनाने ठरवलं आहे. ते दाखल्यावर येईलच. पण पुढच्या ग्रामसभेत महसूल अधिकाऱ्यांना बोलावून गावातल्या मयत खातेदारांची यादी वाचून घ्या आणि प्रत्येक नावापुढे त्याच्या बायकोचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते विचारा. सभेला बायकांनाही बोलवा. कुणाचं नाव राहिलं आहे ते त्याच सांगतील.