संकटकाळी उभे राहणारे घर

सरकारी इमारतीचे उद्घाटन बहुधा निरभ्र दिवशी होते. मांडव घातलेला असतो, समई तेवत असते, पाहुणे फीत कापतात आणि कोनशिलेवरील पडदा बाजूला सारला जातो. इमारत देखणी आहे की नाही याचा निकाल त्याच दिवशी लागतो आणि बहुतेक इमारतींच्या बाबतीत तेवढा निकाल पुरतोही. आपत्ती निवारणाचे कार्य करणाऱ्या संस्थेच्या मुख्यालयाला मात्र हा न्याय लागू पडत नाही. त्या वास्तूचे खरे उद्घाटन आषाढातील एखाद्या काळोख्या रात्री होते. वीज गेलेली असते, दूरध्वनी मुके झालेले असतात, रस्त्यांवर झाडे आडवी पडलेली असतात आणि गावोगावचे लोक या एका घराकडे डोळे लावून बसलेले असतात. त्या रात्री तेथील दिवा तेवत राहिला तर इमारत उत्तम. तो विझला तर तिच्या संगमरवराला आणि काचेच्या दर्शनी भिंतींना कवडीची किंमत नाही.

आपल्या देशात २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर प्राधिकरणे आली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. कायद्याने संस्थांना जन्म दिला, परंतु त्यांनी कोणत्या छपराखाली बसावे हा प्रश्न बव्हंशी कंत्राटदार आणि बांधकाम खाते यांच्यावर सोपविला गेला. आमच्या मते तो केवळ विटा-सिमेंटचा प्रश्न नाही. संकटाविषयी आपण किती प्रामाणिकपणे विचार केला आहे, याची कसोटी अशा वास्तूच्या आराखड्यातच लागते. नागरिकांनीही त्यात लक्ष घातले पाहिजे, कारण त्या रात्री हाक मारायची वेळ त्यांच्यावरच येणार असते.

या बाबतीत न्यूयॉर्क शहराने मोठी किंमत मोजून घेतलेला अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या महानगराच्या आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालयाचे अद्ययावत केंद्र १९९९ साली सुरू झाले. वादळवारा सोसणाऱ्या भिंती, स्वतंत्र वीजव्यवस्था, इंधनाचा साठा, संदेशवहनाची आधुनिक साधने, कशाचीच उणीव नव्हती. उणीव होती ती जागेच्या निवडीत. हे केंद्र वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलातील सातव्या क्रमांकाच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर थाटले होते. याच संकुलात १९९३ साली दहशतवाद्यांनी बॉम्बस्फोट घडविला होता. जेथे एकदा घाव बसला त्याच्या शेजारीच शहराने आपले संकटकाळचे घर बांधले. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमाने त्या मनोऱ्यांवर आदळली, तेव्हा ज्या केंद्रातून मदतकार्याची सूत्रे हलायची ते केंद्रच सकाळी रिकामे करावे लागले आणि सायंकाळी पाचच्या सुमारास ती अख्खी इमारत कोसळली. ज्या दिवसासाठी ते केंद्र उभारले होते, त्याच दिवशी ते उपयोगी पडले नाही.

या हकिकतीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. इमारत गेली, पण संस्था गेली नाही. रोगजंतूंचा हल्ला झाल्यास नागरिकांना औषधे कशी वाटावीत याची एक रंगीत तालीम दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, हडसन नदीवरील ९२ क्रमांकाच्या धक्क्यावर व्हायची होती. तालमीसाठी नजरेखाली घातलेल्या त्या प्रशस्त शेडमध्येच अधिकाऱ्यांनी टेबले मांडली, तारा ओढल्या, नकाशे टांगले आणि अवघ्या काही दिवसांत नवे केंद्र उभे केले. भिंती नव्हत्या, तरी माणसे एकमेकांना ओळखत होती. कोणी कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक होते, आणि सरावाची सवय अंगात मुरलेली होती. हाच त्यांचा खरा पाया ठरला.

पुढे डिसेंबर २००६ मध्ये या संस्थेला कायमचे मुख्यालय मिळाले, तेव्हा शहराने मॅनहटनचा मोह सोडला. नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये रेडक्रॉसची एक जुनी इमारत होती. तीच दुरुस्त करून, बळकट करून वापरात आणली. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने समुद्र शहरात घुसविला, तेव्हा शहराच्या मदतकार्याची सूत्रे याच घरातून हलली. त्याच रात्री मॅनहटनमधील एका नामांकित रुग्णालयाच्या तळघरात पाणी शिरले, वीजव्यवस्था कोलमडली आणि सुमारे तीनशे रुग्णांना काळोख्या जिन्यांवरून खाली उतरवावे लागले. ज्ञान आणि पैसा यांची वाण नसलेल्या नगरीतही एखादे महत्त्वाचे यंत्र चुकीच्या मजल्यावर बसविले, तर असा प्रसंग ओढवतो.

जपानची गोष्ट याहून करुण आहे. मिनामिसान्रिकु या समुद्रकाठच्या गावात आपत्ती निवारणासाठी पोलादी सांगाड्याची तीन मजली इमारत होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर त्सुनामीचा इशारा आला तो प्रारंभी सहा मीटर उंचीच्या लाटेचा. प्रत्यक्षात आलेल्या लाटेने इमारतीचे छप्परही गिळले. तेथील तरुण कर्मचारी अखेरपर्यंत ध्वनिक्षेपकावरून गावकऱ्यांना उंचावर जाण्यास सांगत राहिली. अनेकांचे प्राण त्या आवाजाने वाचले, ती स्वतः मात्र वाचली नाही. त्या वास्तूत ४३ जण मृत्युमुखी पडले. तिचा तांबड्या रंगाचा सांगाडा आजही उभा आहे. माणसांच्या कर्तव्यनिष्ठेत तेथे काही उणे नव्हते; सखल जागेने त्या निष्ठेचा घात केला. शूर माणसांना चुकीच्या जागी बसविणे हा त्यांचा गौरव नव्हे.

परदेशांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालयच जमीनदोस्त झाले आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि साऱ्या महाराष्ट्राचा कारभार हाकणारी वास्तूच आपद्ग्रस्त झाली. इतरांना आधार देणारी वास्तू इतरांहून अधिक बळकट हवी, हे तत्त्व आपल्या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकांनाही ठाऊक आहे. रुग्णालये, अग्निशमन केंद्रे यांसारख्या इमारतींसाठी सर्वसामान्य घराच्या दीडपट भूकंपभार गृहीत धरण्याचा दंडक त्यांनी घालून दिला. तो कागदावरून पायापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणारा डोळा मात्र हवा.

मग हे घर असावे तरी कसे? पहिली गोष्ट जागेची. नदीकाठ, भराव घातलेली दलदल आणि खचणाऱ्या डोंगराची कड ही तिन्ही ठिकाणे वर्ज्य मानावीत, मग तेथून देखावा कितीही रमणीय दिसो. दुसरी गोष्ट वाटेची. जेथे पोहोचण्यासाठी एकाच पुलावर विसंबावे लागते ते ठिकाण मुख्यालयाला अपात्र होय. गोमंतकीयांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९८६ च्या जुलै महिन्यात मांडवीवरील पूल कोसळला आणि पणजी ते बेती-पर्वरी हे हाकेचे अंतर पुन्हा फेरीबोटीच्या स्वाधीन झाले. आज मांडवीवर तीन पूल आहेत, म्हणून ती आठवण पुसून टाकू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन एसटी गाड्या त्याबरोबर गेल्या. मुंबई-गोवा महामार्ग ज्याने त्यालाच दगा दिला. पूल आहेत असे समजून आखलेली व्यवस्था पूल नसतील तेव्हाही चालली पाहिजे.

तिसरी गोष्ट घराच्या अंतरंगाची. जनित्र, विजेचे फलक आणि संदेशवहनाची यंत्रे तळघरात वा तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर, परंतु छप्पर उडाले तरी शाबूत राहतील अशा जागी असावीत. अनेक दिवस पुरेल एवढे इंधन आणि पिण्याचे पाणी साठविण्याची सोय हवी. भ्रमणध्वनीचे मनोरे पडले तर उपग्रहाद्वारे बोलता यावे, आणि तेही न साधले तर बिनतारी यंत्रणा हाताशी असावी. होड्या, दोरखंड, झाडे कापण्याच्या करवती ज्या गुदामात असतील त्याचे दार विजेवाचून, दोन माणसांच्या बळाने उघडले पाहिजे. आत काम करणारी माणसे हाडामांसाची असतात याचाही विसर पडू नये. सलग तीन दिवस जागणाऱ्याला दोन तास पाठ टेकण्यास जागा, गरम जेवण, स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र सोय या बाबी चैनीच्या नव्हेत. थकलेल्या मेंदूने घेतलेला एक चुकीचा निर्णय याहून कितीतरी महाग पडतो. आणि दूरध्वनी उचलणाऱ्याला कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड या साऱ्या भाषा कळणारे कोणीतरी शेजारी असावे, कारण बुडणारा माणूस आपल्या मातृभाषेतच हाक मारतो.

यावर कोणी विचारील की, लहानशा राज्याला हा खर्च झेपेल काय? प्रश्न रास्त आहे. परंतु आम्ही मागतो ती भव्यता नव्हे. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहराला जुनी इमारत दुरुस्त करून वापरण्यात कमीपणा वाटला नाही, तो आपल्याला का वाटावा? पैसा वाचवायचा तर दर्शनी कमानी, कारंजी आणि मोठी दालने यांवर वाचवावा. जनित्र खरेदी करून ते वर्षानुवर्षे सुरू न करणे ही खरी उधळपट्टी होय. दर आठवड्याला ते चालवून पाहणारा तंत्रज्ञ आणि दर पावसाळ्यापूर्वी होणारी तालीम यांचा खर्च आराखड्यातच धरला पाहिजे. एक घर पडले तर दुसरे कोठे, हेही आधीच ठरलेले असावे. उत्तर गोव्यात मुख्य केंद्र असेल तर दक्षिणेत त्याचे जुळे भावंड असावे आणि वर्षातून काही दिवस सारे काम तेथूनच चालवावे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड अशानेच मोडेल.

मात्र मुख्यालय म्हणजे केवळ डोके. हातपाय गावात असतात. ओडिशाने हे ओळखले. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्याच वर्षअखेरीस त्या राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, राष्ट्रीय कायद्याच्या कितीतरी आधी. परंतु ते राजधानीत कार्यालय थाटून थांबले नाही. किनाऱ्यावर गावोगाव खांबांवर उचललेले पक्के निवारे बांधले गेले. त्यांतील बहुतेकांत एरवी शाळा भरते, म्हणून ते ओसाड पडत नाहीत, आणि आपला निवारा कोणता हे गावातील पोरालाही ठाऊक असते. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकले, तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलविण्यात आले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. मुख्यालयातून निघालेला शब्द शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचण्याची वाट वीस वर्षे खपून तयार केली होती, त्याचे हे फळ.

आपल्या किनाऱ्याला वादळे नवी नाहीत. २००९ च्या ऑक्टोबरात काणकोणवर डोंगरातून लोटलेला पूर, २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने अंधारात लोटलेली गावे आणि त्याच वर्षीच्या जुलैत सत्तरी, डिचोलीत घरांत शिरलेले पाणी हे काल-परवाचे अनुभव आहेत. अशा प्रत्येक वेळी अग्निशमन दलाचे जवान छातीइतक्या पाण्यात उतरतात, तरुण पोरे होड्या काढतात आणि आपण त्यांची पाठ थोपटतो. त्यांच्या पाठीशी भक्कम घर उभे करणे हे पाठ थोपटण्याहून अधिक मोलाचे आहे.

ते कसे उभे करावे हे आमच्या पूर्वजांनी खाजनात दाखवून ठेवले आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी त्यांनी मातीचे बांध घातले आणि बांधात मानशी बसविल्या. भरती चढली की मानशीचे लाकडी दार पाण्याच्या दाबानेच मिटते, ओहोटी लागली की ते आपोआप उघडते. त्यासाठी कोणाच्या हुकमाची वा विजेच्या तारेची वाट पाहावी लागत नाही. त्या कामावर कोणाची कोनशिला नव्हती. बांध कोणी राखायचा, तो फुटला तर कोणी धावायचे, हे गावाने ठरविलेले होते, म्हणून ते शतकानुशतके टिकले. जेथे ती जबाबदारी विसरली गेली, तेथे शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. उद्या या भूमीत संकटनिवारणाचे मुख्यालय उभे राहील, तेव्हा त्याच्या आराखड्यावर सही करणाऱ्याने आधी एकदा भरतीच्या वेळी एखाद्या मानशीपाशी जाऊन उभे राहावे. संकटाच्या क्षणी जे स्वतःहून आपले काम करते तेच खरे मजबूत, एवढे त्याला उमगले तरी पुढचे काम निम्मे झाले असे आम्ही समजू.