संगणक स्मृतीचे ओव्हरक्लॉकिंग

संगणकाच्या मुख्य स्मृतीला (रॅमला) मानक कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेने अथवा मानकाहून कमी प्रतीक्षाकालाने चालविण्याच्या क्रियेस स्मृतीचे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. नवे साहित्य न घेता वेग वाढतो, हे या क्रियेचे आकर्षण होय. तथापि मिळणारा लाभ बहुधा अल्प असतो आणि साठविलेल्या माहितीच्या अचूकतेस धोका पोहोचू शकतो.

तत्त्व : गतिक स्मृतीच्या प्रत्येक कोशिकेत एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र (विद्युत् भार साठविणारा घटक) असते. या रचनेचे एकस्व (पेटंट) रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. धारित्रातील भार सतत गळत असल्याने त्याचे पुनर्भरण करावे लागते. डीडीआर४ प्रकारात सर्व ओळींचे पुनर्भरण ६४ मिलिसेकंदांत होते; आवरणाचे तापमान ८५° से. पेक्षा अधिक झाल्यास हा अवधी निम्मा, म्हणजे ३२ मिलिसेकंद, करावा लागतो. भार वाचणे व पुन्हा भरणे यांस लागणारा काळ घटकांच्या भौतिक गुणधर्मांवर अवलंबून असतो. स्पंद जलद केल्याने तो कमी होत नाही.

उदा., डीडीआर४-३२०० स्मृतीची कंप्रता १,६०० मेगॅहर्ट्‌झ असून प्रत्येक स्पंदात दोनदा माहिती पाठविली जाते. त्यामुळे एका मार्गिकेतून सेकंदास २५·६ गिगॅबाइट माहिती जाऊ शकते. प्रतीक्षाकाल १६ स्पंदांचा असल्यास तो १० नॅनोसेकंद भरतो. हीच स्मृती ३६०० च्या वेगाने व १८ स्पंदांच्या प्रतीक्षाकालाने चालविली, तर वहनक्षमता १२·५ टक्क्यांनी वाढते. प्रतीक्षाकाल मात्र १० नॅनोसेकंदच राहतो.

पद्धती : निर्मात्याने तपासलेल्या वाढीव वेगाची मूल्ये रॅमच्या पट्टीतच नोंदवून ठेवण्याची एक्सएमपी ही पद्धत इंटेल कंपनीने २००७ मध्ये, तर एक्सपो ही पद्धत एएमडी कंपनीने २०२२ मध्ये आणली. बायॉसमधून ती निवडल्यास कंप्रता, प्रतीक्षाकाल व विद्युत् दाब एकाच वेळी बदलतात. डीडीआर४ मध्ये दाब सामान्यतः १·२ व्होल्टवरून १·३५ व्होल्टवर नेला जातो. दुसऱ्या पद्धतीत वापरणारा ही मूल्ये स्वतः एकेक करून बदलतो व प्रत्येक बदलानंतर चाचणी घेतो. या कामी अनेक तास, प्रसंगी दिवसही जातात.

लाभ : एखाद्या कामातील २० टक्के वेळ स्मृतीच्या वहनक्षमतेवर अवलंबून आहे असे मानल्यास, ती १२·५ टक्क्यांनी वाढविल्याने एकूण वेळ केवळ सु. २·२ टक्क्यांनी घटतो. लेखन, हिशोब इ. कामांत हा फरक जाणवत नाही. चित्रणासाठी मुख्य स्मृतीच वापरणाऱ्या संगणकांत तो स्पष्ट दिसतो. याउलट, एकाच पट्टीवर चालणाऱ्या संगणकात तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसविल्यास दोन मार्गिका मिळून सैद्धांतिक वहनक्षमता दुप्पट होते व धारणक्षमताही वाढते.

धोके : संगणक सुरूच न होणे हा सर्वांत सौम्य दोष होय, बायॉसमधील मूल्ये पूर्ववत केल्यास तो दूर होतो. अतिरिक्त दाबामुळे प्रक्रियकातील स्मृतिनियंत्रकाचे आयुष्य घटू शकते आणि हमीही रद्द होऊ शकते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. १,००० या संख्येतील ८,१९२ मूल्याचा एक बिट उलटल्यास ती ९,१९२ होते. संगणक न थांबता ही चुकीची संख्या चकतीवर लिहितो आणि पुढे तिची प्रतही जतन होते. डीडीआर५ मधील अंतर्गत दोषनिवारण चिपमधील चूक सुधारते. पट्टी व प्रक्रियक यांच्या दरम्यान झालेली चूक ते सुधारू शकत नाही.

उष्ण हवामान : तापमान वाढले की भाराची गळती वाढते. इतर परिस्थिती सारखी असताना खोलीचे तापमान जितके वाढते, सु. तितकेच पट्टीचेही वाढते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो. त्यामुळे जानेवारीत निर्दोष ठरलेली मूल्ये मे महिन्यात बंद, कूलरविरहित खोलीत निर्दोष राहतीलच असे नाही. चाचणी भर उन्हाळ्यात, दुपारी, पेटीचे झाकण लावून व संगणकावर पूर्ण भार देऊन घ्यावी. मेमटेस्ट८६ सारख्या आज्ञावलीने रात्रभर घेतलेल्या चाचणीत एकही चूक आढळल्यास ती मूल्ये त्याज्य समजावीत.

तारतम्य : अधिक वेगाची पट्टी विकत घेतली असल्यास निर्मात्याने नोंदविलेली मूल्ये वापरून चाचणी घेणे सामान्यतः श्रेयस्कर ठरते, कारण अनेक संगणक ही मूल्ये निवडेपर्यंत ती पट्टी कमी वेगानेच चालवितात. त्यापलीकडे स्वतः मूल्ये वाढविणे हे हौशी प्रयोगासाठी किंवा खेळांच्या संगणकासाठी ठीक होय. हिंगणघाटच्या कापूस बाजारातील आडत्याचे हिशोब, पतसंस्थेची खाती वा रुग्णालयातील नोंदी ठेवणाऱ्या संगणकावर मात्र ते करू नये. तेथे वाचणारे क्षण नगण्य असतात, तर चुकलेल्या एका नोंदीची किंमत एखाद्या कुटुंबास मोजावी लागते.