सुई टोचली तर लपवू नका, घड्याळ पाहा

आपल्या वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी अशा कामाला जाते, जिथे दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध येतो. कोणी नगर परिषदेच्या घंटागाडीवर आहे, कोणी नालीसफाईला. कोणी दवाखान्यात वॉर्डबॉय किंवा आया आहे, कोणी आशाताई, कोणी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. कोणी भंगार-प्लास्टिक वेचते, कोणाचे सलून आहे. बल्लारपूर हे पेपर मिलचे आणि कोळसा खाणींचे गाव. तिथे यंत्रात कोणाचा हात सापडला, तर रक्त थांबवायला आधी धावतो तो शेजारी काम करणारा कामगारच.

आम्ही वस्तीत आरोग्याविषयी बोलायला बसलो की "कचऱ्यात हात घातला आन् सुई टोचली" ही गोष्ट हमखास निघते. पुढचेही बहुतेक ठरलेले असते. बोट तोंडात घातले, चिंधी बांधली आणि काम चालू ठेवले. मुकादमाला सांगितले नाही, घरीही सांगितले नाही.

या लेखात आम्हाला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे: कामावर टोचलेली सुई हा कामावरचा अपघात आहे. तो लपवायचा नसतो. शक्यतो पहिल्या दोन तासांत डॉक्टरांना दाखवायचा असतो आणि त्याची नोंद करून घ्यायची असते.

रक्तातून कोणते आजार येतात?

मुख्य आजार तीन. हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ ब, हिपॅटायटिस सी म्हणजे कावीळ क, आणि एचआयव्ही.

आपल्याकडे भीती फक्त एचआयव्हीची असते. पण आकडे वेगळेच सांगतात. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई हजार जणांना टोचली, तर साधारण तिघांना लागण होते. कावीळ क असलेल्या माणसाची सुई शंभर जणांना टोचली, तर लागण दोघांपेक्षाही कमी जणांना होते. कावीळ ब मात्र फार चिवट आहे. लस न घेतलेल्या शंभर जणांना तशी सुई टोचली, तर सहापासून तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. कावीळ बचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. म्हणून कचऱ्यात पडलेली सुई वाळलेली दिसली, तरी ती निरुपद्रवी समजू नये.

कावीळ ब आणि क हे दोन्ही आजार वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि यकृत आतून खराब करतात. डोळे पिवळे होईपर्यंत अनेकांना पत्ताही लागत नाही. पिण्याच्या पाण्यातून येणारी कावीळ वेगळी आणि ही वेगळी. झाडपाल्याच्या औषधाने किंवा काविळीच्या माळेने ही बरी होत नाही.

हे आजार एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने होत नाहीत. धड कातडीवर रक्त सांडले, तरी ते धुतल्यावर धोका उरत नाही. रक्त आत शिरते ते टोचल्याने, कापल्याने, उघड्या जखमेतून किंवा डोळ्यांत, तोंडात उडाल्याने.

टोचण्याआधी: तीन डोस

या तिघांपैकी ज्याची लागण सर्वांत सहज होते, त्या कावीळ बवर चांगली लस आहे. पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मधला डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस घ्यायचा. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले, की अंगात संरक्षण तयार झाले की नाही ते कळते.

देशभरातल्या बाळांना ही लस सरकारी लसीकरणात २०११ पासून मिळू लागली. म्हणजे आज जे कामावर जातात, त्यांच्यापैकी बहुतेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. लसीआधी कावीळ बची तपासणी करून घेणे चांगले. आजार आधीच असेल तर लसीचा उपयोग नसतो, त्याला औषधोपचार लागतात. घरात गरोदर बाई असेल तर तिची तपासणी आवर्जून करावी. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांत लसीचा पहिला डोस द्यायचा असतो.

कावीळ क आणि एचआयव्हीवर लस नाही. पण कावीळ क आता बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

टोचल्यावर: पहिली पाच मिनिटे

काम थांबवा. हातमोजा काढा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. नळ नसेल तर बाटलीतले पिण्याचे पाणी ओता.

बोट तोंडात घालू नका. रक्त काढण्यासाठी जखम दाबू किंवा पिळू नका. ब्लीचिंग, स्पिरीट, फिनाइल, चुना, हळद यांपैकी काहीही लावू नका. त्याने कातडी खराब होते आणि विषाणू मरत नाही.

रक्त डोळ्यांत उडाले असेल तर डोके मागे करून स्वच्छ पाण्याने डोळा भरपूर धुवा. तोंडात गेले असेल तर थुंकून पुन्हा पुन्हा चूळ भरा.

नंतर: दोन तास

एचआयव्ही अंगात रुजू नये म्हणून गोळ्या मिळतात. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तास उलटल्यावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. सुरू केल्या तर २८ दिवस न चुकवता घ्यायच्या. मळमळ, थकवा वाटू शकतो. तरी आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर ठरवतात. सुई कोणाची, जखम किती खोल, हे ते विचारतात. म्हणून सुई कशी होती, कुठे सापडली, हे नीट सांगावे.

कावीळ बची लस घेतली नसेल, तर त्याच दिवशी लस सुरू करता येते. शिवाय तयार संरक्षण देणारे एक वेगळे इंजेक्शन असते, ते शक्यतो चोवीस तासांत घ्यायचे. त्याच दिवशी रक्ताची पहिली तपासणी होते. नंतर सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा. तोवर रक्तदान करू नये आणि निरोध वापरावा.

बल्लारपूरपासून चंद्रपूर पंधरा-सोळा किलोमीटर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघात विभाग चोवीस तास सुरू असतो. दोन तास आपल्याला पुरतात. मात्र "ड्युटी संपल्यावर जाऊ" किंवा "सोमवारी जाऊ" म्हटले, की ते हातचे जातात. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागातल्या आशाताईंची आणि परिचारिकांची अडचण मोठी आहे. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायलाच अर्धा दिवस जाऊ शकतो. त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिली गोळी ठेवलेली आहे का, हे आजच विचारून ठेवावे. नसेल तर ती ठेवण्याची मागणी लेखी द्यावी. एचआयव्हीविषयी काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे.

लोक लपवतात का?

याचे कारण अडाणीपणा नाही. कारण आहे पोटाचे. कंत्राटी कामगाराला भीती असते, की सांगितले तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. दवाखान्यातल्या बाईला वाटते, की लोक आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच.

ही भीती खोटी नाही. म्हणूनच कायदा काय म्हणतो ते माहीत हवे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार, दवाखान्याचा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना व नंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणे, प्रशिक्षण आणि सुरक्षा साहित्य देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायचे नाही, तिला वाकवायचे नाही. ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची; मागून झाडणाऱ्या मावशीसाठी ठेवायची नाही.

घनकचऱ्याच्या नियमांनुसार सफाई कामगारांना गणवेश, हातमोजे, बूट आणि मास्क मिळाले पाहिजेत.

एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दवाखान्यात, आणि जिथे एचआयव्हीची लागण होण्याचा मोठा धोका आहे अशा इतर कामावर, संरक्षणाचे साहित्य, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरच्या गोळ्या देणे त्याने बंधनकारक केले आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून भेदभाव करून कामावरून काढता येत नाही. धोक्याच्या कामात झालेला असा संसर्ग कामगार भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही आहे.

पण या हक्कासाठी पुरावा लागतो. पुरावा म्हणजे त्याच दिवसाचा केसपेपर आणि त्याच दिवसाची पहिली तपासणी. त्या दिवशी रक्त निर्दोष होते आणि नंतर लागण झाली, हे दाखवता आले तरच "हे कामावर झाले" म्हणता येते. सहा महिन्यांनी सांगितले तर ठेकेदार म्हणणार, "कशावरून?" लपवल्याने नोकरी वाचेल असे वाटते, प्रत्यक्षात दावा बुडतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे देण्यात आले आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. कामावर शरीराची झालेली हानी ही कामगाराची एकट्याची नाही, हा त्यामागचा विचार आहे. जातीने वाट्याला आलेले सफाईचे काम आज ठेकेदारामार्फत येते, म्हणून हा विचार सफाई कामगारालाही लागू व्हायलाच हवा.

आपल्या घरचा कचरा

घंटागाडीवरच्या माणसाला टोचणारी प्रत्येक सुई दवाखान्यातून येत नाही. मधुमेह असलेल्या घरांतून इन्सुलिनच्या सुया येतात. दाढीची पाती, फुटलेली काच येते. ज्याच्या हाताला ते लागते, तो आपल्याच गल्लीतला असतो.

सुया आणि पाती जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकाव्यात. बाटली भरत आली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी मारावी, "सुया" असे लिहावे आणि गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्यावी. काच जाड पुठ्ठ्यात बांधावी. सिरिंज भंगारात कधीच विकू नये. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात कावीळ बची साथ आली आणि अनेक जीव गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली होती.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. पाळीचे रक्त अपवित्र नसते, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण दुसऱ्याने ते उघड्या हाताने निवडावे, हे माणुसकीला धरून नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. त्यात बहुसंख्य दलित बाया आहेत. तिथल्या कचरावेचक बायांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. विकता तुम्ही आणि हाताने निवडायचे आम्ही, हा त्यांचा सवाल होता. कंपन्यांना विचारलेला हा सवाल आपल्या घरालाही लागू पडतो.

घरात किंवा कामावर रक्त सांडले तर त्यावर जुने कापड टाकून ब्लीचिंगचे पाणी ओतावे, निदान दहा मिनिटे थांबावे आणि हातमोजा घालून पुसावे. अपघातात कोणी रक्तबंबाळ झाला तर मदत जरूर करावी. हातमोजा नसेल तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. सलूनवाल्या भावांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावावे. त्यात दोघांचेही रक्षण आहे.

विहारात एवढे करता येईल

रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढून, कोण कोण अशा कामावर आहे आणि कोणाचे तीन डोस झाले आहेत, याची यादी करता येईल. ज्यांचे झाले नाहीत, त्यांच्यासाठी ठेकेदाराकडे किंवा दवाखान्याकडे एकत्र अर्ज देता येईल. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, वीस सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. सुई टोचलेल्याला रात्री-बेरात्री चंद्रपूरला नेण्यासाठी दोन तरुणांची नावे आणि फोन नंबर फलकावर लिहून ठेवता येतील.

त्याच फलकावर चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात:

साबण-पाण्याने धुवा, पिळू नका.
दोन तासांत दवाखाना गाठा.
केसपेपर जपून ठेवा.
लस आधीच घ्या.