मोजके बोल, पक्के माप : हर्षा भोगले यांची कारकीर्द

व्यापारी घरात माणसाची पारख मालाइतकीच जिभेवरून होते. अहिल्यानगरच्या आडते बाजारातील किंवा डाळमंडईतील जुन्या पेढीवर बसलेली अनुभवी व्यक्ती सौदा ठरताना फार बोलत नाही. ती समोरच्याला आधी बोलू देते, नेमका एखादा प्रश्न विचारते आणि योग्य वेळी गप्प बसते. हेच कौशल्य क्रीडांगणाच्या काठावर बसून, कोट्यवधी प्रेक्षकांसमोर, चार दशकांहून अधिक काळ सिद्ध करून दाखवणारे नाव म्हणजे हर्षा भोगले.

हर्षा भोगले यांचा जन्म १९ जुलै १९६१ रोजी हैदराबाद येथे एका मराठी कुटुंबात झाला. आई-वडील दोघेही प्राध्यापक. साहजिकच घरात शिक्षणाला अग्रमान होता. उस्मानिया विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी आणि त्यानंतर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील शिक्षण, असा त्यांचा मार्ग कोणत्याही पालकाला समाधान देणारा होता. क्रिकेट ते हैदराबादच्या स्थानिक स्पर्धांत आणि विद्यापीठाकडून खेळले. परंतु त्या खेळातून भारतीय संघापर्यंत वाट जाणार नव्हती. मात्र वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच हैदराबाद आकाशवाणीवर समालोचनाची संधी त्यांना मिळाली होती. पुढे जाहिरात क्षेत्रात नोकरी करीत असतानाही हा धागा त्यांनी तुटू दिला नाही.

१९९१-९२ च्या भारतीय संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने आपल्या रेडिओ समालोचनासाठी त्यांना पाचारण केले. एखाद्या भारतीय समालोचकास असे निमंत्रण प्रथमच मिळत होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. १९९५ च्या सुमारास ते उपग्रह वाहिनीवर दाखल झाले आणि दूरचित्रवाणीवरील क्रिकेटचा ओळखीचा चेहरा बनले.

रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा धर्म वेगळा आहे. रेडिओवर श्रोत्याला काहीच दिसत नसते. चेंडू कोठे पडला, क्षेत्ररक्षक कोठे उभा आहे, हे सारे शब्दांनीच उभे करावे लागते. बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते वर्णन ऐकत मोठी झालेली पिढी हे चांगले जाणते. दूरचित्रवाणीवर मात्र चित्र समोर असते. तेथे जे दिसते तेच पुन्हा सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती कापड देऊन ‘हे कापड आहे’ असे बजावण्यासारखे होय. भोगले रेडिओवर घडले, तरी दूरचित्रवाणीवर शब्द आवरते घेण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणवली.

सूत्रसंचालकाचे काम दिसते तितके सोपे नाही. त्याच्या कानात निर्मात्याच्या सूचना अखंड चालू असतात. जाहिरातीला किती सेकंद उरले, पुढील चित्रफीत कोणती, हे ऐकत असतानाच समोर बसलेल्या माजी खेळाडूचे म्हणणेही लक्षपूर्वक ऐकावे लागते. त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघावा लागतो. भोगले यांच्या शैलीचे मर्म येथे आहे. त्यांचा प्रश्न लहान असतो आणि त्यात स्वतःच्या ज्ञानाचे प्रदर्शन नसते. उत्तर देणाऱ्या खेळाडूला खुलण्यास जागा मिळते आणि प्रेक्षकाच्या पदरात काही तरी नवे पडते.

तरीही, ज्याने कसोटी क्रिकेट खेळले नाही त्याने बोलावे काय, हा आक्षेप त्यांना वारंवार सोसावा लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताचा पहिला दिवस-रात्र कसोटी सामना बांगलादेशविरुद्ध झाला. गुलाबी चेंडू फलंदाजांना नीट दिसतो काय, हे खेळाडूंनाच विचारले पाहिजे, असे भोगले म्हणाले. त्यावर सहसमालोचक संजय मांजरेकर यांनी थेट प्रक्षेपणातच सुनावले की, असे विचारण्याची गरज भोगले यांना असेल. जे खेळले आहेत त्यांना मैदानावरचे कळते. भोगले यांनी आवाज चढवला नाही. खेळलेला असणे ही शिकण्याची मर्यादा ठरू नये, एवढेच त्यांनी शांतपणे मांडले. पुढे मांजरेकर यांनीही आपला तोल गेल्याचे जाहीरपणे मान्य केले. चारचौघांत अपमान झाला असता मुद्दा न सोडता संयम कसा राखावा, याचा तो वस्तुपाठच होता.

त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, आयपीएलच्या तोंडावर त्यांना समालोचकांच्या चमूतून अचानक वगळण्यात आले. कारण आपल्याला सांगितले गेले नाही, असे त्यांनी लिहिले. पण कोणावर चिखलफेक केली नाही. व्यापाऱ्याला या प्रसंगातील दुसरी बाजूही चटकन उमगेल. मोठे गिऱ्हाईक फिरले म्हणून त्यांची पेढी बंद पडली नाही. स्तंभलेखन, ग्रंथलेखन आणि पत्नी अनिता यांच्यासमवेत उद्योगसंस्थांसाठी दिली जाणारी व्याख्याने ही कामे चालूच होती. खेळातील यशाचे व्यवस्थापनाच्या दृष्टीने विवेचन करणारे ‘द विनिंग वे’ हे उभयतांचे पुस्तक २०११ मध्येच प्रसिद्ध झाले होते. व्यवस्थापनाचे शिक्षण वाया गेले नव्हते. कालांतराने ते आयपीएलच्या समालोचनातही परतले.

आपल्या जिल्ह्याला क्रिकेटचा वारसा आहे. श्रीरामपूरचा झहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून मुंबईस गेला आणि कसोटीत ३११ बळी घेऊन परतला; संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेने भारताचे नेतृत्व केले. परंतु वाडिया पार्कवर खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी भारतीय संघात जाणारा एखादाही निघेलच असे नाही. मग उरलेल्यांच्या खेळप्रेमाचे काय करावे? बहुतेक घरांत त्याचे उत्तर ‘आता दुकानात बसा’ असे असते. ते उत्तर चुकीचे नाही, पण एकमेव नाही. खेळाभोवती लेखन, समालोचन, आकडेवारी, निर्मिती आणि व्यवस्थापन असे अनेक व्यवसाय उभे राहिले आहेत.

मात्र या वाटेवर मिळकतीची शाश्वती नसते आणि करार एका निरोपाने संपू शकतो. म्हणूनच मुलाने ही वाट मागितली, तर त्याला नुसता नकार किंवा नुसती परवानगी देऊ नये. शिक्षण पूर्ण कर, भाषा कमाव, रोज वाच, ऐकण्याची सवय लाव, असे भांडवल त्याच्या हाती द्यावे. भांडवलावाचून धंदा उभा राहत नाही, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.