बचावाचे गणित: आयर्लंडच्या क्लब फुटबॉलची पंधरा वर्षे

१९ जानेवारी २०२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलच्या अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला. साठ मिनिटांचा खेळ संपला तेव्हा फलकावर सात-सात अशी बरोबरी होती आणि गोल एकही नव्हता. जादा वेळेत गॉलवे परगण्याच्या कोरोफिनने एक गोल आणि पाच पॉइंट केले, डाउन परगण्याच्या किलकूला एकदाही खाते उघडता आले नाही, आणि कोरोफिनने लागोपाठ तिसऱ्यांदा विजेतेपद मिळवले. असा पराक्रम आधी कोणत्याही क्लबाने केला नव्हता. पण या सामन्यात जे मोलाचे आहे ते त्या विक्रमाहून वेगळे आहे. याच कोरोफिनने दोनच वर्षांपूर्वी, २०१८च्या अंतिम सामन्यात, कॉर्कच्या निमो रेंजर्सला २-१९ विरुद्ध ०-१० असे हरवले होते. म्हणजे दोन गोल आणि एकोणीस पॉइंट. गोलाचे तीन गुण धरून एकूण पंचवीस. चेंडू हातातून पायाकडे, पायातून हाताकडे इतक्या वेगाने फिरत होता, की निमोच्या बचावाला वळायलाही सवड मिळाली नाही. तोच क्लब, तेच मैदान, बरेचसे तेच खेळाडू, आणि तरीही साठ मिनिटांत पंचविसाऐवजी सात. शैली ही संघाच्या स्वभावात असते, असे आपण सहज म्हणून जातो. २०११ ते २०२५ या काळातला क्लब फुटबॉल पाहिला तर मला उलटेच दिसते. चेंडू गमावण्याची किंमत काय आणि लांबून मारलेल्या फटक्याचे मोल काय, या हिशेबातून शैली जन्मते. आणि हा हिशेब परगण्यांच्या निवडक संघांपेक्षा गावच्या क्लबांना जास्त काटेकोरपणे मांडावा लागतो.

हा हिशेब कळायला खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागते. दोन्हीकडे पंधरा खेळाडू, मैदान सुमारे १४५ मीटर लांब आणि ९० मीटर रुंद. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांहून अधिक धरून पळता येत नाही. तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने पुन्हा हातात उडवावा लागतो. सहकाऱ्याला तो पायाने मारून देता येतो किंवा हाताने टोलवून. आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल. मला दोन गोष्टी निर्णायक वाटतात. ऑफसाइडचा नियम या खेळात नाही, त्यामुळे कोणी कुठे उभे राहावे याला फारसे बंधन नव्हते. आणि प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून पाडता येत नाही, फक्त चेंडूवर हात मारता येतो. म्हणून जवळच्या सहकाऱ्याला हाताने दिलेला चेंडू सहसा हिरावला जात नाही. पायाने चाळीस मीटर पुढे मारलेला चेंडू मात्र हवेत असतो, कोणाचाही होऊ शकतो. एकीकडे जवळजवळ बिनधोक पास, दुसरीकडे मोकळेपणाने मागे सरकण्याची मुभा. या दोन गोष्टी एकत्र आल्या की चौदाही खेळाडू स्वतःच्या ४५ मीटर रेषेच्या आत आणून उभे करणे आणि चेंडू मिळाला की हातोहात पुढे नेणे, हा डाव, म्हणजेच ‘चादरी बचाव’, आज ना उद्या कोणाला तरी सुचणारच होता.

पूर्वीचा खेळ मोकळा आणि गुणांनी भरलेला होता, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. १९८७च्या क्लब अंतिम सामन्यात सेंट फिनबार्सने क्लॅन ना गेलला ०-१० विरुद्ध ०-७ असे हरवले. १९९९मध्ये आर्मा परगण्याच्या क्रॉसमॅग्लेनने बॅलिना स्टीफनाइट्सवर ०-९ विरुद्ध ०-८ अशी मात केली. म्हणजे तुटपुंजे गुण ही चादरी बचावाची देणगी नव्हे. फरक आहे तो गुण कमी का पडले यात. तेव्हा चेंडू लांब मारला जाई, उंच उडी घेऊन झेलला जाई, आणि त्या झटापटीत बराचसा वाया जाई. नंतरच्या काळात चेंडू वाया जाणे जवळपास थांबले, आणि गुण कमी पडले ते कोणी धोकाच पत्करत नव्हते म्हणून. पहिल्या प्रकारात प्रेक्षकाला दर मिनिटाला काहीतरी घडताना दिसे. दुसऱ्या प्रकारात एक संघ रेषेबाहेर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चेंडू फिरवत राही आणि दुसरा संघ आत दाटीवाटीने वाट पाहत राही. फलकावरचे आकडे सारखे असले तरी हे दोन वेगळे खेळ आहेत.

हा बदल परगण्यांच्या संघांकडून खाली झिरपला, असे साधारणपणे सांगितले जाते. २००३मध्ये टायरोनने केरीला घेरून हरवले. २०११मध्ये जिम मॅकगिनेसच्या डॉनिगॉलने डब्लिनविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात जवळजवळ सगळा संघ मागे ठेवला आणि ०-८ विरुद्ध ०-६ अशी हार पत्करली, पण पुढच्याच वर्षी ते अखिल आयर्लंड विजेते झाले. त्यानंतर गावोगावच्या क्लबांनी हीच पद्धत उचलली, असा हा युक्तिवाद. यात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. विचारांची वाट क्लबाकडून परगण्याकडेही जात होती. जो कर्नन यांनी क्रॉसमॅग्लेनला १९९७, १९९९ आणि २००० या वर्षी जिंकून दिले आणि मग २००२मध्ये आर्मा परगण्याला त्याच्या इतिहासातले पहिले विजेतेपद मिळवून दिले. शिवाय नक्कल हे कारण मानले, तरी क्लबांनी नेमकी बचावाचीच नक्कल का केली, हा प्रश्न उरतो. त्याच दशकात डब्लिन परगण्याचा संघ वेगवान, आक्रमक खेळ करून एकामागून एक विजेतेपदे जिंकत होता. त्याची नक्कल तितक्या क्लबांनी केली नाही, कारण तसा खेळ करायला लागणारी माणसे त्यांच्याकडे नव्हती.

या वादाचे मूळ मला इथेच दिसते. गेलिक खेळ हौशी आहेत; क्लब खेळाडू विकत घेत नाही, माणूस सहसा ज्या गावात वाढला त्याच गावच्या जर्सीत खेळतो. त्यामुळे मूर्न डोंगरांच्या पायथ्याचे किलकू आणि डब्लिनच्या उपनगरातला, हजारो सभासदांचा किलमॅकड क्रोक्स एकाच स्पर्धेत समोरासमोर येतात. गावात एका पिढीत दोन उत्तम आघाडीवीर जन्मले तर भाग्य. पण जागा धरणे, वेळेवर सरकणे, एकमेकांना आवाज देणे, चेंडू सुटला की सहा जणांनी एकदम पुढे धावणे हे हिवाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात शिकता येते. प्रतिभा विकत मिळत नसली तरी शिस्त कमावता येते. चादरी बचाव हे कमावलेल्या शिस्तीचे शस्त्र होते, आणि लहान क्लबांनी ते उचलले यात भेकडपणा नव्हता. त्या शस्त्राशिवाय यातले कितीतरी क्लब क्रोक पार्कपर्यंत पोहोचलेच नसते.

पण या शस्त्राला मर्यादाही होती, आणि ती मिकी मोरन यांच्या कारकिर्दीत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही. डेरी परगण्याच्या स्लॉकनीलचे प्रशिक्षक म्हणून ते २०१५ आणि २०१७च्या अंतिम सामन्यांत उतरले आणि हरले. किलकूला घेऊन २०२०मध्ये उतरले, पुन्हा हरले. या तीन सामन्यांत त्यांच्या संघांची गुणसंख्या होती ०-७, १-७ आणि ०-७. बचाव तिन्ही वेळा भक्कम होता असे नाही; २०१५मध्ये कोरोफिनने त्यांच्यावर १-१४ केले होते. मात्र आक्रमण तिन्ही वेळा तोकडे पडले. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी मोरन किलकूला घेऊन चौथ्यांदा अंतिम सामन्यात उतरले तेव्हा समोर किलमॅकड होते. जादा वेळेच्या अगदी शेवटी दोन गुणांनी मागे असताना जेरोम जॉन्स्टनने गोल केला आणि किलकू २-८ विरुद्ध ०-१३ असे एका गुणाने जिंकले. पॉइंट मोजले तर ते पाचने मागे होते. किलकूची ओळख बचावाची, पण विजेतेपद मिळाले ते दोन गोलांमुळे, म्हणजे नेमक्या त्या जोखमीमुळे जी आधीच्या तीन सामन्यांत पुरेशी घेतली गेली नव्हती. शिस्त क्लबाला अंतिम सामन्यापर्यंत आणते. चषक उचलायला आणखी काही लागते.

इथे कोरोफिनचे उदाहरण पुढे करून कोणी म्हणेल, की तेही खेड्यातले. त्यांना पायाचा, पुढे झेपावणारा खेळ जमला तर इतरांना का जमू नये? आक्षेप रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. कोरोफिनने २०१५, २०१८, २०१९ आणि २०२० असे जे मिळवले, त्याच्या मागे लहान वयोगटापासून एकत्र वाढलेली एक पिढी होती, आणि त्या पिढीत आयन बर्कसारखा, पाठीवर बचावपटू असताना चेंडू घेऊन वळणारा आघाडीवीर होता. असा खेळाडू असला की पुढे मारलेला पास जोखमीचा राहत नाही. म्हणजे कोरोफिनचाही हिशेबच होता. फक्त त्यांच्या हिशेबात लांबचा पास स्वस्त पडत होता. आणि किलकूने तो पास महाग केला तेव्हा त्यांनीही तासाभरात सातच पॉइंट केले. सौंदर्याची निष्ठा म्हणून त्यांनी चेंडू भिंतीवर आदळत ठेवला नाही, धीर धरला. मला यात त्यांचे मोठेपण दिसते.

कमी गुणांचा दोष थंडी-चिखलाला देणारा हवामानाचा आक्षेप त्या मानाने किरकोळ आहे. क्लब स्पर्धेचे शेवटचे टप्पे नेहमीच थंडीत, ओल्या मैदानांवर झाले. अंतिम सामना दशकानुदशके १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आणि अलीकडे जानेवारीत. चिखल तेव्हाही होता. बदलला तो सराव. २०२२पासून परगण्यांचा हंगाम जुलैअखेर संपवून पुढचे महिने क्लबांना दिले गेले, आणि नामांकित खेळाडू सलग आठवडे गावच्या प्रशिक्षकाच्या हाती लागू लागले. त्यातून रचना आणखी घट्ट झाल्या. गोलरक्षकही आता बाहेरचा खेळाडू बनला. डब्लिनच्या स्टीफन क्लक्स्टनने गोलकिकला पासाचे रूप दिले होते. स्कॉट्सटाउन क्लबाचा रोरी बेगन तर चेंडू घेऊन थेट प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात जाऊ लागला. आक्रमणात पंधरावा माणूस आला, पण त्याचा मुख्य उपयोग चेंडू मागे देऊन ताबा राखण्यासाठीच झाला.

गेलिक खेळांच्या संघटनेने हे सारे हातावर हात ठेवून पाहिले नाही. २०१७मध्ये मधल्या पट्ट्यात गोलकिक स्वच्छ झेलणाऱ्याला थांबून फटका मारण्याची मुभा मिळाली, २०२०मध्ये ती पुढच्या भागातल्या झेलालाही दिली गेली. त्याआधी, हंगामापूर्वीच्या सामन्यांत सलग तीनहून अधिक हातपासांना बंदी घालून पाहिली आणि राष्ट्रीय लीग सुरू होण्याआधीच ती मागे घेतली. हे उपाय फसले याचे मला नवल वाटत नाही. प्रत्येकाने एका कृतीला बक्षीस किंवा शिक्षा दिली, पण भिंतीतली माणसे तेवढीच राहिली. चौदा जण आत उभे असताना झेलाचे बक्षीस वाढवले तरी झेल मिळणार कोणाला?

२०२४मध्ये जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मात्र मुळालाच हात घातला. नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनात मंजूर होऊन २०२५च्या हंगामात आलेल्या नियमांनुसार प्रत्येक संघाला किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात ठेवावे लागतात. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण मिळतात. गोलकिक त्या कमानीपलीकडे जावी लागते. गोलरक्षकाकडे चेंडू मागे देण्यावरही बंधन आले. कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरवली गेली, त्यामागचा विचार हाच होता: थांबून राहण्याला किंमत लावायची. गोलाचे गुण तीनवरून चार करण्याचाही प्रयोग झाला होता, तो वगळला गेला. बरे झाले, त्याने बचाव आणखी आत ओढला असता. दोन गुणांची कमान उलट बचावाला बाहेर यायला भाग पाडते, आणि तो बाहेर आला की मागे जागा मोकळी होते.

नियम बदलण्याची गरजच नव्हती, असे म्हणणाऱ्यांकडेही एक ठोस पुरावा आहे. १९ जानेवारी २०२५चा अंतिम सामना जुन्याच नियमांनी झाला आणि त्यात डब्लिनच्या कूलाने टायरोनच्या एरिगल किअरनला ३-१४ विरुद्ध १-१६ असे हरवले. दोन्ही मिळून बेचाळीस गुण. २०१४मध्येही, चादरी बचावाच्या ऐन भरात, सेंट व्हिन्सेंट्सने कॅसलबार मिचेल्सवर ४-१२ विरुद्ध २-११ अशी मात केली होती. पण मैदानात कोण होते ते पाहा. कूलाकडे कॉन ओकॅलहन, एरिगलकडे कॅनव्हन बंधू. सेंट व्हिन्सेंट्स हा राजधानीतला जुना, दांडगा क्लब, कॅसलबार हे मेयो परगण्याचे मुख्य शहर. ज्यांच्याकडे असे आघाडीवीर होते त्यांना जुन्या नियमांतही मोकळे खेळणे परवडत होते. बाकीच्यांना परवडत नव्हते, आणि आयर्लंडमधले बहुसंख्य क्लब त्या ‘बाकीच्यां’त मोडतात.

म्हणून नव्या नियमांवरचा जो आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो तो लहान क्लबांचाच आहे. भिंत काढून घेतली, तीन-तीन जणांना मोकळ्या मैदानात एकमेकांसमोर उभे केले, तर गावाला शिस्तीने भरून काढता येणारी तफावत उघडी पडणार. शिवाय धावपळ वाढली, आणि ज्याच्याकडे राखीव खेळाडू जास्त त्याचे पारडे जड झाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही एक गोष्ट लहान क्लबांच्या बाजूने आहे. पंचेचाळीस मीटरवरून दांडीवरून चेंडू मारणारा पाय ही संघाची नव्हे, एका माणसाची कला आहे. तो पाय रिकाम्या मैदानावर एकट्याने घडवता येतो, त्याला शहरभरच्या मुलांतून निवड लागत नाही. जुन्या हिशेबात अशा फटक्याला एकच गुण होता आणि चुकला की चेंडू गेला, म्हणून प्रशिक्षक तो मारू देत नसत. आता तो दोन गुणांचा आहे, आणि किलकूसारख्या गावाला मोठ्या क्लबाशी बरोबरी साधायला असे चार फटके पुरेसे ठरू शकतात.