वाइनची चव घेण्याची रीत मोहफुलाला लावली तर? दर्जा ओळखण्याचे पहिले धडे

रायपूर : वाइन पिणे आणि वाइनची चव घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पिणाऱ्याला पेल्याशी मतलब असतो, चव घेणाऱ्याला त्या पेल्यात उतरलेल्या फळाशी, हवामानाशी आणि करणाऱ्याच्या हाताशी. नाशिक परिसरातील वाइन महोत्सवांतून ही रीत आता अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. तीच रीत छत्तीसगडच्या मोहफुलाला लावली, तर फुलाचा दर्जा आणि ते वेचणाऱ्याला मिळणारा दर यांचा संबंध स्पष्ट होतो.

नाशिकच्या सुला वाइनरीने २००५ मध्ये अभ्यागतांसाठी चव घेण्याचे दालन सुरू केले आणि २००८ पासून तेथे ‘सुलाफेस्ट’ भरू लागला. अशा ठिकाणी नवख्या व्यक्तीला प्रत्येक वाइन अगदी थोडी, साधारणतः ३० ते ५० मिलिलिटर दिली जाते. पेला दांडीला धरावा, कारण तळहाताच्या उष्णतेने वाइन लवकर तापते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअसला, तर लाल वाइन १५ ते १८ अंशांना खुलते. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा थंड देशांतील संकेत नाशिक किंवा रायपूरच्या उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. येथे तीही थोडी गार करावी लागते.

चव घेण्याचे टप्पे तीन. पहिला पाहण्याचा : पांढऱ्या कागदासमोर पेला तिरपा धरून रंग आणि स्वच्छता पाहावी. दुसरा वास घेण्याचा : पेला हलकेच गोल फिरवला की सुगंधी द्रव्ये मोकळी होतात. सोव्हिन्यो ब्लाँ या द्राक्षाच्या वाइनमध्ये हिरवी ढोबळी मिरची किंवा नुकतेच कापलेले गवत आठवावे असा वास येतो, तर शिराझमध्ये काळ्या मिरीची छटा जाणवते. सिरक्याचा किंवा बुरशी धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर तो दोष समजावा.

तिसरा टप्पा घोट घेण्याचा. घोट तोंडात सर्वत्र फिरवून आंबट, गोड, कडू आणि तुरट यांचा तोल पाहावा. तोंडाला पाणी सुटले तर आम्लता चांगली आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसे वाटले, तर तो टॅनिनचा परिणाम. ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तिचा मोठा भाग प्रत्यक्षात घशामागून नाकापर्यंत पोचणारा वास असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते याचमुळे. म्हणून चव घेण्यापूर्वी अत्तर, पान, तंबाखू आणि तिखट पदार्थ टाळावेत. हलक्यापासून जड वाइनकडे आणि कोरड्यापासून गोड वाइनकडे जावे. तोंडातील घोट ठेवलेल्या भांड्यात टाकून देणे हा असभ्यपणा नसून शिष्टाचारच आहे.

आता मोहाकडे वळू. मार्च-एप्रिलमध्ये रात्रीपासून पहाटेपर्यंत मोहाची मांसल, गोड फुले गळतात आणि छत्तीसगडच्या वनपट्ट्यात अख्खी कुटुंबे ती वेचायला निघतात. फुले आंबवून, नंतर ऊर्ध्वपातन करून त्यांचे मद्य काढले जाते. त्यामुळे त्याला वाइन म्हणणे बरोबर नाही. वाइन केवळ आंबवलेली असते आणि तिच्यात मद्यार्क साधारणतः १२ ते १४ टक्के असतो. ऊर्ध्वपातित मद्यात तो बराच अधिक असू शकतो. बस्तरमधील सल्फी वृक्षाचा रस आणि तांदळाचा ‘लांदा’ ही आंबवलेली पेये या अर्थाने वाइन-बिअरच्या जवळची ठरतात.

मोहाच्या चवीचा निर्णय बराचसा झाडाखालीच होतो. फुले सहज दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी पद्धत आहे. मग फुले राखेत आणि धुळीत पडतात, त्यांना धुराचा वास लागतो आणि वणव्याचाही धोका वाढतो. याउलट झाडाखाली जाळी बांधली, तर फूल जमिनीला न टेकता स्वच्छ मिळते. अशा फुलांना खाद्य दर्जाचे मानले जाते आणि त्यांना अधिक दर मिळतो. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या कोरबा भागातील सुकी मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली होती.

राज्याच्या कायद्यानुसार आदिवासींना स्वतःच्या वापरासाठी मर्यादित प्रमाणात मोहाचे मद्य काढण्याची मुभा आहे, विक्रीची नाही. राज्यात किरकोळ मद्यविक्री २०१७ पासून सरकारी महामंडळाकडे आहे. रायपूरच्या सायन्स कॉलेज मैदानावर २०१९ मध्ये पहिला राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाला, तरी वाइन महोत्सवासारखे मोहाचे चव-दालन येथे रुजलेले नाही. वनोपजाच्या ‘छत्तीसगड हर्बल्स’ या शासकीय नाममुद्रेखाली मोह मिळतो तो लाडवासारख्या पदार्थांच्या रूपात.

शेजारी मात्र वेगळी वाट चोखाळली गेली आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा देण्याचे जाहीर केले आणि पुढे अलिराजपूर व दिंडोरी येथे आदिवासी बचत गटांकडे निर्मिती सोपवली. प्रमाणित उत्पादन आले की दर्जाचे निकष येतात, आणि जाळीवरचे फूल व राखेतले फूल यांच्या दरात फरक का असावा, हे ग्राहकालाही पटू लागते.

हा फरक ओळखण्यासाठी मद्याची गरज नाही. जाळीवर झेललेली आणि जमिनीवरून वेचलेली मूठ-मूठ सुकी फुले वेगवेगळ्या वाट्यांत कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत. मग वाइनप्रमाणेच आधी पाण्याचा रंग आणि तळाशी बसलेला गाळ पाहावा, नंतर वास घ्यावा. स्वच्छ फुलांना मनुक्यांसारखा गोड, किंचित उग्र वास येतो. दुसऱ्या वाटीत धूर किंवा मातीचा वास मिसळलेला असू शकतो. जमिनीवरची फुले केवळ वास आणि रंग पाहण्यापुरतीच ठेवावीत. चव घ्यायची ती स्वच्छ फुलांचीच.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चव ही दर्जाची कसोटी आहे, सुरक्षिततेची नव्हे. बेकायदा मद्यातील विषारी मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. शिवाय, आरोग्याच्या दृष्टीने मद्यपानाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाइन महोत्सवाला जाणाऱ्यांनी त्या राज्यातील मद्यसेवनाची वयोमर्यादा पाहावी, रिकाम्या पोटी चव घेऊ नये, सोबत पाणी ठेवावे आणि परतताना वाहन स्वतः चालवू नये.